पंधरा मिनिटांत निघणारा दांडा

तपासनिसांच्या वडिलांना जिना चढता येत होता, पण उतरता येत नव्हता. तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाला या कौशल्याचा काडीचा उपयोग नसतो, कारण चढण्यासाठी आधी खाली असावं लागतं.

कारण साधं होतं. इमारतीच्या जिन्याला लोखंडी कठडा होता तो एकाच बाजूला. दुसऱ्या बाजूला नुसती भिंत. चढताना कठडा उजव्या हाताला यायचा आणि उतरताना डाव्या. बाबांचा डावा हात वर्षापूर्वी एका सकाळी दाढी करता करता लुळा पडला होता. डॉक्टर म्हणाले, ‘‘नशीबवान आहात, एका हातावर निभावलं. बाकी ठणठणीत आहात.’’ बाकी ठणठणीत असलेले बाबा त्या दिवशी दोन माणसांच्या खांद्यावरून घरी आले, ते वरच राहिले.

त्याआधी अकरा वर्षं बाबा रोज संध्याकाळी पाच वाजता फाटकाजवळच्या बाकावर जाऊन बसत. शेजारी तळमजल्यावरचे घड्याळजी. हे पूर्वी घड्याळं दुरुस्त करायचे आणि बाबा कपडे शिवायचे, त्यामुळे दोघांनाही डोळे बारीक करून दुसऱ्याच्या चुका बघायची सवय. दोघं मिळून पेपरातलं शब्दकोडं सोडवत, म्हणजे एकजण सोडवायचा आणि दुसरा ते चूक आहे म्हणून भांडायचा. आता बाबा वरून गॅलरीत उभे राहून ओरडत, ‘‘उभे नऊ सुटलं का?’’ आणि खालून घड्याळजी ओरडत, ‘‘सुटलं! पण सांगणार नाही!’’ वर्षभराने सोसायटीच्या सेक्रेटरींनी चिठ्ठी पाठवली की, सामाईक जागेत शब्दकोड्याची उत्तरं मोठ्याने देऊ नयेत, इतर सभासदांनाही ते कोडं सोडवायचं असतं.

ती चिठ्ठी वाचून तपासनिसांनी ठरवलं की आपण बाबांसाठी भिंतीला एक दांडा बसवायचा. उजव्या हाताला धरायला. एक दांडा, बस्स.

‘‘आणखी एकदा विचार करा,’’ बायको म्हणाली.

‘‘दांड्यात विचार करण्यासारखं काय आहे?’’

‘‘दांड्यात नाही हो. तुमच्यात.’’

बायकोच्या म्हणण्यात तथ्य होतं. तपासनीस परिवहन खात्याच्या वर्कशॉपात स्वीकृती विभागात होते. बाहेरून जो माल यायचा, नटबोल्ट, पत्रे, रबरी नळ्या, तो तपासून घ्यायचा की परत पाठवायचा हे ते ठरवत. सत्तावीस वर्षांत त्यांनी इतका माल परत पाठवला होता की पुरवठादार त्यांना ‘नापाससाहेब’ म्हणत. हे नाव कुठल्यातरी ट्रक ड्रायव्हरने इमारतीत आणलं आणि ते तिथे रुजलं. तपासनिसांना ते माहीत होतं. मनातून त्यांना ते थोडं आवडतही असे. पण सत्तावीस वर्षांत त्यांनी स्वतः एकही वस्तू बनवली नव्हती. दुसऱ्याच्या वस्तूत खोट काढणं आणि आपली वस्तू उभी करणं हे एकाच विद्येचे दोन भाग आहेत असा त्यांचा समज होता. हा समज असणाऱ्यांची संख्या समाजात मोठी आहे, आणि त्यातले बरेचसे पगारी आहेत.

सोसायटीची परवानगी लागणार होती. कमिटीच्या बैठकीत सेक्रेटरींनी अर्ज दोनदा वाचला, एकदा मनात आणि एकदा मोठ्याने.

‘‘दांड्याला आमची हरकत नाही,’’ ते म्हणाले. ‘‘हरकत जागेला आहे. जिना आधीच अरुंद. त्यात तुमचा दांडा चार बोटं पुढे येणार. उद्या कुणाचं कपाट वर न्यायचं झालं तर?’’

‘‘कपाटं अशी किती वेळा येतात?’’ तपासनिसांनी विचारलं.

‘‘तुमचे वडील किती वेळा उतरतात?’’

‘‘उतरत नाहीत म्हणून तर दांडा.’’

‘‘म्हणजे आजच्या घडीला कपाटांची वाहतूक जास्त आहे,’’ सेक्रेटरी म्हणाले आणि त्यांनी तशी नोंद केली.

दुसऱ्या मजल्यावरचे विमा एजंट कमिटीचे सभासद नव्हते, पण प्रत्येक बैठकीला हजर असत. त्यांनी आवाजात ओलावा आणून सल्ला दिला, ‘‘मी काय म्हणतो, या वयात उतरवायचंच कशाला? घरात टीव्ही लावून द्या. माणूस घरात पडला तर निदान घरात पडतो.’’ पडण्याच्या जागेवरून काय फरक पडतो हे त्यांना धंद्यामुळे ठाऊक असावं.

शेवटी ठराव झाला. दांडा बसवायला परवानगी, पण तो गरज पडेल तेव्हा पंधरा मिनिटांत काढता आला पाहिजे आणि नंतर परत बसवता आला पाहिजे. रंग जिन्याच्या रंगाशी जुळता, म्हणजे बदामी. पंधराच मिनिटं का, तर सेक्रेटरींच्या मते कपाट उचलणारी माणसं तेवढा वेळ धीर धरतात.

बाबांना ठराव वाचून दाखवला. ते म्हणाले, ‘‘म्हणजे मी मधेच असताना कपाट आलं तर?’’

‘‘बाबा, असं कसं होईल?’’

‘‘नाही, ठरावात लिहिलेलं नाही म्हणून विचारलं.’’

आता पंधरा मिनिटांत काढायचा म्हणजे वेल्डिंग नाही. तपासनिसांनी तीन रविवार खपून आराखडा काढला. जिन्याचे सहा टप्पे, प्रत्येक टप्प्याला आठ पायऱ्या. दर टप्प्याला एक पाइप. तो भिंतीवरच्या तीन ब्रॅकेटांत वरून ठेवायचा. ब्रॅकेट वरून उघडं, पाळण्यासारखं. पाइप त्यात बसला की दोन्ही कडांमधून ग्रब स्क्रू आवळायचे. ग्रब स्क्रू म्हणजे डोकं नसलेला स्क्रू. वर टोपी नाही, काही नाही, नुसता आटे पाडलेला तुकडा आणि एका टोकाला षटकोनी खाच. खाचेत एलन की, म्हणजे षटकोनी किल्ली, घालून फिरवायचा की तो आत जातो, पाइपाला दाबून धरतो आणि बाहेरून दिसतही नाही. डोकं नसून घट्ट धरून बसणारा आणि कुणाच्या नजरेत न येणारा हा प्रकार खात्यात राहिलेल्या माणसाला आवडला यात नवल नाही. एकूण छत्तीस स्क्रू. सोडवायचे, पाइप उचलायचा, कपाट न्यायचं.

धातू कुठला? समुद्र इमारतीपासून चालत दहा मिनिटांवर. खाऱ्या हवेने लोखंडी कठड्याची दर दोन वर्षांनी साल निघायची. म्हणून तपासनिसांनी ॲल्युमिनियम ठरवलं. हलकं, गंजत नाही, बाबांच्या हाताला थंड लागणार नाही. (थंडीचा मुद्दा बायकोचा आणि चुकीचा होता, पण तपासनिसांनी तो मोठ्या मनाने घेतला.)

फिटर आला तो काळे पोलादी ग्रब स्क्रू मूठभर खिशात घेऊनच. त्याने ते खिळ्यांसारखे कट्ट्यावर ओतले.

‘‘हे चालणार नाहीत,’’ तपासनीस म्हणाले. हे वाक्य म्हणताना त्यांचा आवाज आपोआप ऑफिसातला होई.

‘‘का साहेब? मापाचे आहेत.’’

‘‘मापाचे आहेत, पण जातीचे नाहीत. तुम्हाला गॅल्व्हॅनिक गंज माहीत आहे?’’

‘‘गंज माहीत आहे.’’

‘‘नुसता गंज नव्हे. दोन वेगवेगळे धातू एकमेकांना चिकटले, आणि मधे खारट दमटपणा आला, की त्यांची बॅटरी होते. बॅटरी म्हणजे काय? एक धातू दुसऱ्यासाठी झिजतो. जो कमजोर तो विरघळतो, जो जबरा तो तसाच राहतो. इथे कमजोर कोण? ॲल्युमिनियम.’’

‘‘म्हणजे आमच्या मेहुण्याच्या घरच्यासारखं,’’ फिटर म्हणाला.

‘‘काय?’’

‘‘मेहुणा झिजला साहेब. बायको अजून ठणठणीत आहे.’’

तपासनिसांनी तिकडे दुर्लक्ष केलं. फिटर म्हणाला, ‘‘मी सांगू का, साधं ग्रीस भरतो आट्यांत, भरपूर. आणि वर्षातून दोनदा सगळे सैल करून परत आवळत जा. वीस वर्षं काही होत नाही. धक्क्यावरच्या सगळ्या होड्यांना आम्ही हेच करतो.’’

‘‘होड्यांचं सोडा,’’ तपासनीस म्हणाले. ‘‘होड्यांवर माझे वडील चढणार नाहीयेत.’’

हे वाक्य त्यांना त्या वेळी फार नेमकं वाटलं होतं.

मग स्टेनलेस स्टीलचे ग्रब स्क्रू मागवले. एका पेटीसोबत दाखला आला नाही म्हणून ती परत केली, दुसरीतले चार स्क्रू आट्यात नीट बसले नाहीत म्हणून ती परत केली. घरबसल्या नोकरी सुरू झाली असं बायको म्हणाली. यात पाच आठवडे गेले. बाबा रोज संध्याकाळी चपला घालून दारात येत, भिंतीवरची भोकं बघत आणि परत आत जाऊन चपला काढत. स्क्रूचं टोक पाइपाला थेट टेकू नये म्हणून तपासनिसांनी बायकोच्या कात्रीने प्लास्टिकच्या बारीक चकत्या कापल्या. कात्री बोथट झाली. बाबांनी ती उलटीसुलटी करून पाहिली आणि एवढंच म्हणाले, ‘‘माझ्या दुकानात असतास तर याच्यासाठी तुला हाकलला असता.’’

तरी एक प्रश्न उरला होता. चकतीने स्क्रूचं टोक वाचलं, पण आट्यांचं काय? स्क्रूचे आटे ब्रॅकेटच्या ॲल्युमिनियममध्येच फिरणार. तिथे बॅटरी होणारच. ग्रीसचा मुद्दा फिटरने काढला होता, म्हणून तो बाद. तपासनिसांना ऑफिसातली ती डबी आठवली. स्क्रू जाम होऊ नयेत म्हणून लावायची पेस्ट, इंजिनांसाठी मागवलेली, उष्णतेला टिकणारी, आणि विशेष म्हणजे तपासनिसांनी सत्तावीस वर्षांत पहिल्याच फेरीत मंजूर केलेल्या मोजक्या मालांपैकी एक. नमुन्याची अर्धी डबी त्यांच्या कपाटात पडून होती. नियम असा की तपासणीनंतर नमुना नष्ट करावा. तपासनिसांनी रजिस्टरात ‘नष्ट केला’ असं लिहिलं आणि डबी पिशवीत टाकून घरी आणली. त्यांच्या आयुष्यातला हा एकमेव भ्रष्टाचार. माणसाने पहिल्यांदाच खोटं लिहावं आणि तेही पेस्टसाठी, यावरून त्यांची कुवत लक्षात यावी.

पेस्ट सुंदर होती. लालसर, चकाकणारी. छत्तीसही स्क्रूंना त्यांनी स्वतःच्या हाताने, जुन्या दात घासायच्या ब्रशने ती लावली. फिटर बाजूला उभा राहून बघत होता.

‘‘काय आहे साहेब हे?’’

‘‘तुमच्या ग्रीसचा बाप.’’

फिटरने डबीचा वास घेऊन ती परत ठेवली. तो काहीतरी बोलणार होता, पण बाप म्हटल्यावर गप्प बसला.

उद्घाटन म्हणजे पंधरा मिनिटांची चाचणी. सेक्रेटरी मोबाइलवर वेळ लावून तळमजल्यावर उभे राहिले. तपासनीस आणि फिटर दोन एलन की घेऊन धावले. अकरा मिनिटं चाळीस सेकंदांत सगळे पाइप जमिनीवर होते. सेक्रेटरींच्या चेहऱ्यावर थोडी निराशा दिसली. मग रंगारी आला आणि त्याने सगळं बदामी करून टाकलं, ब्रॅकेटं, पाइप, आणि ग्रब स्क्रूंच्या खाचासुद्धा. तपासनिसांनी टाचणीने छत्तीस खाचा कोरून साफ केल्या. यात एक सबंध शनिवार गेला.

आणि बाबा उतरले.

एका संध्याकाळी पाच वाजता, उजवा हात दांड्यावर, डावा हात सदऱ्याच्या खिशात घालून, अठ्ठेचाळीस पायऱ्या. तपासनीस पुढे उलटे चालत होते. खाली घड्याळजींनी बाकावरचा पेपर उचलून जागा केली आणि वर न बघता विचारलं, ‘‘आडवे चार, पाच अक्षरी, हट्टी माणूस?’’ बाबा बसले, धापा आवरल्या आणि म्हणाले, ‘‘हे काय विचारणं झालं? चौदा महिने माझ्याशिवाय एवढंही सुटलं नाही?’’

तपासनीस फाटकाबाहेर जाऊन नाक शिंकरून आले.

पुढचे काही महिने हा माणूस बदलला. ऑफिसातून येताना ते जिना सावकाश चढत, कुणी भेटलं तर दांड्यावर हात ठेवून उभे राहत आणि विषय तिकडे वळेपर्यंत तिथून हलत नसत. विमा एजंटला त्यांनी बॅटरीचा सिद्धांत तीनदा समजावला. शेजारच्या इमारतीची दोन माणसं दांडा बघायला आली. त्यांच्यासमोर तपासनीस म्हणाले, ‘‘सगळे लोखंडी स्क्रू मारून मोकळे होतात. विचार कुणी करत नाही.’’ ऑफिसात या काळात त्यांनी विक्रमी माल परत पाठवला.

आठ महिन्यांनी विमा एजंटच्या घरी नवं कपाट आलं.

तीन दारांचं, आरशाचं, जुन्या बँकेच्या तिजोरीएवढं जड. चार माणसांनी ते पहिल्या टप्प्याच्या तोंडाशी आणून टेकवलं. सेक्रेटरी मोबाइल हातात घेऊनच खाली आले. शनिवार होता, तपासनीस घरीच होते. एलन की घेऊन ते रुबाबात उतरले.

पहिला स्क्रू फिरला नाही. दुसराही नाही.

‘‘रंग अडकलाय,’’ तपासनीस म्हणाले आणि टाचणीने खाच कोरली. खाच स्वच्छ होती. त्यांनी जोर लावला. एलन की खाचेत गर्रकन फिरली आणि षटकोनी खाच गोल झाली. तिसऱ्या स्क्रूला त्यांनी किल्लीवर पाइपाचा तुकडा घालून लिव्हर केला, तर किल्ली वाकली.

‘‘चार मिनिटं,’’ सेक्रेटरी म्हणाले.

विमा एजंटने तेल आणलं. कपाटवाल्यांपैकी एकाने हातोडी आणली. दुसरा म्हणाला, ‘‘गरम करा, गरम करून निघतं.’’ तळमजल्यावरच्या एका काकूंनी उकळतं पाणी आणून स्क्रूवर ओतलं, ते विमा एजंटच्या पायावर सांडलं. एजंट एका पायावर नाचत म्हणाले, ‘‘मी बोललो होतो, टीव्ही लावा!’’ मग ड्रिल मशीन आलं. ड्रिलचं पातं स्टेनलेसमध्ये अर्धं गेलं, तुटलं आणि तिथेच राहिलं. आता त्या भोकात डोकं नसलेला स्क्रू आणि बूड नसलेलं पातं असे दोघं सुखाने नांदू लागले.

‘‘एकवीस,’’ सेक्रेटरी म्हणाले. ठरावाचा कागद त्यांनी बरोबर आणला होता.

कपाटवाल्यांचा धीर सेक्रेटरींच्या अंदाजाप्रमाणे पंधराव्या मिनिटालाच संपला होता. त्यांच्यातल्या धिप्पाड माणसाने ‘‘सरका’’ म्हणून हातोडीचा एकच घाव घातला. ब्रॅकेट बिस्किटासारखं तुटलं. आतून पांढरं पीठ भुरभुर खाली पडलं. ते पीठ म्हणजे आठ महिन्यांपूर्वीचं ॲल्युमिनियम होतं.

तळमजल्यापासून दुसऱ्या मजल्यापर्यंतची बारा ब्रॅकेटं त्या दिवशी हातोडीनेच निघाली. कपाट वर गेलं. जाता जाता त्याने भिंतीचा बदामी रंगही खरवडून नेला.

संध्याकाळी फिटरला बोलावलं. त्याने पायरीवर बसून तुटलेला तुकडा उजेडात धरला, नखाने खरवडला, मग म्हणाला, ‘‘ती डबी आहे का साहेब?’’

तपासनिसांनी डबी आणली. फिटरने थोडी पेस्ट अंगठ्यावर घेऊन चोळली. अंगठा लाल झाला.

‘‘तांबं आहे यात,’’ तो म्हणाला. ‘‘तांब्याचा चुरा. इंजिनाच्या लोखंडाला झकास. पण ॲल्युमिनियमला तांबं म्हणजे… तुम्हीच सांगितलं होतं ना, जबरा आणि कमजोर. ॲल्युमिनियमला स्टेनलेसपेक्षाही हे आणखी घातक. तुम्ही प्रत्येक आट्यात बॅटरी भरलीत साहेब.’’

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

‘‘तुम्ही तेव्हा बोलला का नाहीत?’’

‘‘तेव्हा मला नक्की माहीत नव्हतं. वाटलं, साहेब तपासणीतले आहेत, वाचलं असेल.’’

तपासनिसांनी डबी उलटी केली. बुडाला, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, वापरण्याच्या सूचना होत्या. पाचवी सूचना: ॲल्युमिनियमच्या भागांवर वापरू नये. हा माल त्यांनी स्वतः मंजूर केला होता. बुडाची अक्षरं वाचली नाहीत म्हणून त्यांनी हाताखालच्या दोन माणसांच्या वार्षिक शेऱ्यात लिहिलं होतं, ‘निष्काळजी’.

सोमवारी नोटीस लागली. दांडा ठरावातील अट क्रमांक एकचा भंग करत असल्याने उरलेला भाग सभासदांनी वापरू नये, वापरल्यास कमिटी जबाबदार नाही. उरलेला भाग म्हणजे दुसऱ्या मजल्यापासून तिसऱ्यापर्यंतचे दोन टप्पे, बाबांच्या दारासमोरचे. तिथवर कपाट गेलं नव्हतं.

त्या आठवड्यात तपासनीस जिन्यात कुणासमोर थांबले नाहीत. जेवताना त्यांनी बायकोला विचारलं, ‘‘लोक काय म्हणतात?’’

‘‘कुणी काही म्हणत नाही.’’

‘‘खरं सांग.’’

‘‘खरंच कुणी काही म्हणत नाही. कपाटाबद्दलच बोलतात. चांगलं आहे म्हणे कपाट.’’

हे फारच लागलं. आठ महिने त्यांनी ज्या गोष्टीवर जगाला व्याख्यान दिलं, ती गोष्ट कोसळल्यावर जगाने हसूसुद्धा नये!

रविवारी दुपारी त्यांनी ऑफिसातला छापील नापासाचा फॉर्म काढला. मालाचे वर्णन, दोष, दोषाचे कारण, जबाबदार व्यक्ती. जबाबदार व्यक्तीच्या रकान्यात त्यांनी आधी ‘फिटर’ लिहिलं आणि खोडलं. मग ‘पेस्टचा उत्पादक’ लिहिलं आणि खोडलं. ‘सोसायटीची पंधरा मिनिटांची अट’ लिहिलं, त्याकडे प्रेमाने बराच वेळ बघितलं, आणि तेही खोडलं. रकाना भरला. त्यात आणखी एक नाव मावण्याइतकी जागा उरली नव्हती, आणि त्यांना ते बरंच वाटलं.

मग त्यांना आठवलं, की वरचे दोन टप्पे आपण तपासलेच नाहीत.

ते दार उघडून बाहेर आले. जिन्याच्या खिडकीतून खारा वारा सरळ या टप्प्यावर येत होता. त्यांनी पहिल्या ब्रॅकेटजवळ पाइपाला हात लावला. पाइप हलला. वर, खाली, बाजूला. खालचे स्क्रू निघत नव्हते, आणि इथले धरत नव्हते. आटेच उरले नव्हते, स्क्रू नुसता पिठात उभा होता. दुसरं ब्रॅकेट, तसंच. बाबा या दांड्याला धरून रोज उतरत होते. आजही उतरणार होते, पाच वाजता, आणि पाच वाजायला दहा मिनिटं होती.

ते आत धावले. बाबा चपला घालत होते.

‘‘बाबा, आज उतरायचं नाही. दांडा सैल झालाय.’’

‘‘हो,’’ बाबा म्हणाले आणि दुसरी चप्पल घातली.

‘‘अहो, हो काय? पार निखळलाय. तुम्ही भार टाकलात तर…’’

‘‘मी नाही टाकत भार.’’

‘‘म्हणजे?’’

बाबा जरा वैतागले. ‘‘म्हणजे काय? तीन महिने झाले हलतोय तो. मी भिंतीला पाठ लावून उतरतो, खेकड्यासारखा. एक पाय, मग दुसरा. वेळ लागतो, पण जमतं.’’

‘‘खालचे टप्पे तर आठवडाभर नाहीतच!’’

‘‘वरचा हलायला लागल्यापासून मी खालच्यांना तरी कुठे धरत होतो?’’

तपासनीस दाराच्या चौकटीला टेकले. ‘‘पण परवा मी बघितलं तुम्हाला. तुमचा हात दांड्यावर होता.’’

बाबांनी आधी सदऱ्याची बाही सरळ केली. कपड्याची शिवण उसवलेली दिसली तरी गिऱ्हाइकासमोर बोलायचं नाही, ही त्यांची जुनी पद्धत.

‘‘तू बघत असलास की ठेवायचो,’’ ते म्हणाले. ‘‘हलकाच. तेवढ्याने पडत नाही तो.’’

स्वयंपाकघरातून बायको बाहेर आली होती. तिच्या चेहऱ्यावरून कळलं की तिलाही माहीत होतं. कदाचित घड्याळजींनाही. बहुधा पूर्ण इमारतीला. म्हातारा माणूस तीन महिने भिंतीला घासत जिना उतरत होता, जीव मुठीत धरून, आणि नापाससाहेबांची वस्तू नापास झाली हे त्यांना कळू नये म्हणून सगळ्यांनी गपचूप तिला पास करून ठेवलं होतं. सदऱ्याची पाठ बदामी झाली होती. तपासनिसांनी ती कितीदा बघितली होती, आणि रंगारी कच्चा होता असा निष्कर्ष काढला होता.

‘‘सांगायचं नाही का मला?’’

‘‘सांगितलं असतं तर तू तो दुरुस्त करायला घेतला असतास,’’ बाबा म्हणाले. ‘‘मागच्या वेळी किती महिने लागले?’’

तपासनिसांनी पायात चपला सरकवल्या आणि बाबांच्या पुढे, एक पायरी खाली, पाठमोरे उभे राहिले. बाबांनी उजवा हात त्यांच्या खांद्यावर ठेवला. लगेच भार टाकला नाही. आधी खांदा दोनदा हलवून बघितला.

दोघं निघाले. पहिल्या टप्प्यावर तपासनीस थांबले, कारण तिथलं तिसरं ब्रॅकेट त्यांना बघायचं होतं. दुसऱ्या टप्प्यावर खाच बघितली. त्याखाली ब्रॅकेटं नव्हतीच, तर ते भिंतीतली भोकं बघत थांबले. बाबांचा हात दर वेळी खांद्यावर जरा घट्ट व्हायचा आणि मागून ‘‘चल’’ ऐकू यायचं. नोटिशीसमोर तर ते पूर्ण थांबले आणि तिच्यात एक चूक सापडते का बघू लागले. एकही नव्हती.

खाली पोचायला पंचवीस मिनिटं लागली. घड्याळजी कोडं जवळजवळ संपवून बसले होते.

‘‘आज एवढा उशीर?’’

‘‘मुलाने आणलं,’’ बाबा तक्रारीच्या सुरात म्हणाले आणि बसले.

घड्याळजींनी मान हलवून सहानुभूती दाखवली. बाक दोघांपुरताच होता. तपासनीस थोडा वेळ बाजूला उभे राहिले. मग बाबांनी पेपरातून डोकं वर काढलं.

‘‘तू जा आता. सातला ये. आणि उद्या पाचच्या आत येशील का ऑफिसातून?’’

‘‘येईन.’’

‘‘रोज?’’

त्यासाठी ऑफिसात वरच्या साहेबांना अर्ज करावा लागणार होता, कारण लिहावं लागणार होतं, आणि ते कारण मंजूर करणारा माणूस बुडाची अक्षरंसुद्धा वाचणारा होता.

‘‘रोज,’’ तपासनीस म्हणाले.

‘‘मग वाटेत थांबायचं नाही,’’ बाबा म्हणाले आणि आडवे सात खोडू लागले.